मांडीवरची गिटार : मालकी, वहिवाट आणि ध्वनिवर्धन (प्रस्तावना)

वाद्याला वायर जोडली की त्याचे शील बिघडते, अशी एक समजूत आपल्याकडच्या रसिकांत, आणि रसिकांहूनही अधिक वाद्ये बाळगणाऱ्या हौशी मंडळींत, फार दिवसांपासून रुजलेली आहे. आणि दिवाणखान्यातील मोजक्या श्रोत्यांच्या सहवासात वाढलेल्या रुद्रवीणेसारख्या वाद्यांपुरते बोलावयाचे, तर ती समजूत सर्वस्वी निराधार आहे असेही म्हणवत नाही. परंतु मांडीवर आडवी ठेवून, पडद्यांवर बोटे न दाबता, तारांवरून पोलादी कांब सरकवीत वाजविली जाणारी जी गिटार प्रस्तुत पुस्तिकेचा विषय आहे, आणि जिला आपल्याकडे सरसकट हवाईयन गिटार म्हणण्याचा प्रघात आहे, तिच्या बाबतीत हा आक्षेप घेणाऱ्याने तिचा पूर्वेतिहास तपासलेला नसतो, इतके निःसंकोचपणे म्हणता येईल. आपला आवाज पुरेसा नाही ही खंत या वाद्याच्या मागे जन्मापासून लागलेली आहे. त्या खंतीपायी त्याचे पोट मानेच्या टोकापर्यंत पोकळ झाले, त्या खंतीपायी त्याच्या पोटात ॲल्युमिनियमचे शंकू बसले, आणि अखेर व्यापारी प्रमाणावर यशस्वी झालेली जगातील पहिली विजेची गिटार निघाली तीदेखील मांडीवर ठेवून वाजविण्याचीच निघाली. तेव्हा ध्वनिवर्धन ही या वाद्याच्या घराण्याची जुनी वहिवाट आहे, असे गृहीत धरूनच ही पुस्तिका लिहिली आहे. प्रश्न उरतो तो इतकाच, की वाढवावयाचे ते नेमके काय : तारेचा स्वर, लाकडाचा नाद, की त्या दोहोंनी मिळून हालविलेली खोलीतील हवा? या प्रश्नाचे उत्तर प्रत्येक मालकाने आपल्यापुरते आधी ठरवावे आणि मगच दुकानाची पायरी चढावी, हे या पुस्तिकेचे एकमेव प्रतिपाद्य होय.

वाद्याची रचना थोडक्यात सांगणे अवश्य आहे, कारण पुढील सर्व विवेचन तिच्यावर उभे आहे. नेहमीच्या गिटारीत तारा पडद्यांच्या इतक्या निकट असतात की बोट टेकताच तार पडद्याला भिडते. या गिटारीत त्या साधारण एक सेंटिमीटर उंचावर ताणलेल्या असतात, आणि पडद्यांच्या जागी लाकडात सपाट बसविलेल्या पट्ट्या केवळ खुणेपुरत्या राहतात. डाव्या हातात घोटीव पोलादाची जड कांब – वादक तिला बार म्हणतात – धरावयाची, तिचा भार तारेवर पडू द्यावयाचा पण तार खाली दाबावयाची नाही, आणि मोकळ्या राहिलेल्या मागच्या बोटांनी कांबेच्या पाठीमागचा तारेचा भाग निःशब्द ठेवावयाचा. उजव्या हाताचा अंगठा व दोन बोटे यांत नख्या घालून तारा छेडावयाच्या. दोन स्वरांच्या मधल्या प्रदेशात या वाद्याला मुक्त संचार आहे, आणि आपल्या संगीतातील मींड त्यावर इतक्या सहजतेने उतरते ती त्यामुळेच. परंतु हेच स्वातंत्र्य नवशिक्याच्या जिवावरही उठते, कारण कांब केसभर इकडेतिकडे झाली तरी तो अपराध झाकण्यास पडद्याचा आडोसा नसतो.

हवाई बेटांवर गिटार पोहोचली ती एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात, मोकाट वाढलेल्या गुरांचा बंदोबस्त करण्यासाठी मेक्सिकोकडून आणविलेल्या घोडेस्वार गुराख्यांच्या सामानातून. बेटावरील लोकांनी तिच्या तारा आपल्या सोयीने सैल केल्या आणि न दाबताच कानाला गोड लागणारा स्वरसंघात मिळेल अशा जुळणीत लावून घेतल्या. पुढे ओआहू बेटावरील लाइए या गावी १८७४ साली जन्मलेल्या जोसेफ केकुकू याने, कामेहामेहा शाळेत शिकत असताना, प्रथम हाताशी आलेल्या लोखंडी वस्तू व नंतर मुद्दाम घडविलेली पोलादी कांब तारांवरून सरकवून ही वादनपद्धती सिद्ध केली, हे मत आज बहुमान्य आहे. तथापि जुन्या हवाईयन आठवणींत गॅब्रिएल डेव्हियन नावाच्या, हिंदुस्थानात जन्मलेल्या आणि एका जहाजाच्या कप्तानाने पळवून आणलेल्या तरुणाचेही नाव येते, व तो केकुकूच्या आधीच तारेवर वस्तू सरकवून वाजवीत असे, अशी साक्ष दिली जाते. हे वाचताच आपल्यापैकी अनेकांना संगीतरत्नाकराचे स्मरण होईल. देवगिरीच्या सिंघण यादवाच्या आश्रयास राहून तेराव्या शतकात शार्ङ्गदेवाने रचिलेल्या त्या ग्रंथात एकतंत्री वीणेचे आणि तारेवर सरकवावयाच्या वेळूच्या कम्रिकेचे वर्णन आहे. विचित्रवीणेचा काचेचा बट्टा आणि दक्षिणेतील गोट्टुवाद्य यांची कल्पनाही त्याच जातीची. परंतु देवगिरीपासून होनोलुलूपर्यंत अखंड परंपरा सिद्ध करावयास एका अपहृत तरुणाची आठवण हा पुरावा कोणत्याही कचेरीत ग्राह्य धरला जाणार नाही, आणि आपल्या अभिमानाची भूक भागविण्यासाठी इतिहासाच्या दफ्तरात खाडाखोड करण्याचे काही कारणही नाही.

१९१२ साली न्यूयॉर्कच्या रंगभूमीवर आलेले ‘द बर्ड ऑफ पॅरडाइज’ हे नाटक आणि १९१५ साली सान फ्रान्सिस्को येथे भरलेले पनामा-पॅसिफिक प्रदर्शन यांनी अमेरिकेस हवाईयन संगीताचे वेड लावले. आणि त्या वेडाची मागणी पुरविणाऱ्या कारागिरांत ज्याचे नाव आज या वाद्याच्या एका संपूर्ण जातीला चिकटले आहे तो हर्मन वाइसनबॉर्न हा मूळचा जर्मनीचा. १८६३ साली जन्मलेला, १९०२ साली न्यूयॉर्कला आलेला आणि पुढे लॉस एंजेलिसला स्थायिक झालेला हा मनुष्य व्हायोलिन व पियानो यांच्या कामात मुरलेला होता. पोकळ मानेची कल्पना सर्वस्वी त्याची नव्हे. नॉर्वेहून आलेला क्रिस नुट्सन हा त्याच्या आधीपासून तशी वाद्ये बनवीत असे. परंतु खांद्यांपासून उतरत जाऊन मानेत विलीन होणारे ते शरीर, त्यातील हलक्या आधारपट्ट्या आणि पातळ तबली यांचे जे प्रमाण वाइसनबॉर्नला साधले, त्याची नक्कल कारागीर आजही करीत आहेत. लाकूड कोआचे. हा वृक्ष हवाई बेटांखेरीज अन्यत्र निसर्गतः होत नाही, आणि वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने तो आपल्या बाभळीचा आप्त आहे. मागची बाजू, कडा आणि तबलीदेखील त्याच लाकडाची. सबब नेहमीच्या देवदारी तबलीच्या गिटारीत जी उघडी, झणझणीत फेक असते तिच्या जागी येथे मऊ, किंचित अनुनासिक आणि मध्यसप्तकात भरलेला असा नाद येतो, व तो सावकाश विरतो. ज्याने हा नाद शांत खोलीत, वाद्यापासून हातभर अंतरावर बसून ऐकला आहे त्यालाच पुढील सर्व खटाटोप कशासाठी हे समजेल.

कारण तो नाद त्या खोलीबाहेर जात नाही. १९२०च्या दशकात नृत्यगृहे मोठी झाली, वाद्यवृंदात पितळी वाद्ये शिरली आणि बिचाऱ्या कोआच्या गिटारीला कोणी विचारीना. जॉर्ज बोशां नावाच्या, रंगमंचावर मांडीवरची गिटार वाजवून पोट भरणाऱ्या एका वादकाने प्रथम ग्रामोफोनचा कर्णा गिटारीला जोडून पाहावा असा विचार केला. मग जॉन डोप्येरा या कारागिराच्या साहाय्याने १९२७ साली ‘नॅशनल’ची तीन शंकूंची धातूची गिटार अवतरली, आणि वर्षभरात डोप्येरा बंधूंनी वेगळे होऊन ‘डोब्रो’ काढली. शंकूंनी आवाज वाढला, पण बोशांचे समाधान झाले नाही. १९३१ साली त्याने नालाच्या आकाराच्या दोन लोहचुंबकांमध्ये तारांचे वेटोळे ठेवून त्यावरून गिटारीच्या तारा नेल्या, आणि ॲडॉल्फ रिकनबॅकरच्या कारखान्यात ते यंत्र एका गोल, लांब दांड्याच्या वाद्यावर चढविले गेले. लोकांनी त्याला लगेच ‘फ्राइंग पॅन’ म्हणावयास सुरुवात केली. १९३२ पासून ते ॲल्युमिनियममध्ये ओतून विकले जाऊ लागले. पेटंटच्या अधिकाऱ्यांना हे यंत्र खरोखर चालते की नाही याचाच संशय आला, तेव्हा सोल हूपी व इतर हवाईयन वादक यांना वॉशिंग्टनला नेऊन कचेरीत प्रत्यक्ष वाजवून दाखवावे लागले, असे सांगतात. १९३७ च्या ऑगस्टमध्ये पेटंट मिळाले. एखाद्या वाद्याने सरकारी कचेरीत हजर राहून स्वतःची साक्ष द्यावी, असे प्रसंग संगीताच्या इतिहासात फारसे आढळावयाचे नाहीत.

वाइसनबॉर्न त्याच वर्षाच्या सुमारास वारला. त्याच्या गिटारी माळ्यांवर आणि पलंगांखाली पडून राहिल्या. आणि डेव्हिड लिंडली, बेन हार्पर यांच्यासारख्या कॅलिफोर्नियातील वादकांनी विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात त्या हजारो श्रोत्यांपुढे पुन्हा आणल्या, तेव्हा त्या ध्वनिवर्धकाच्याच आश्रयाने आणल्या, हेही ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

आपल्याकडे हे वाद्य आले ते कलकत्त्याच्या वाटेने. सामोआत जन्मलेला टाऊ मो आणि त्याची पत्नी रोज हे हवाईयन संगीताच्या एका फिरत्या संचाबरोबर पूर्वेकडील देशांत हिंडत हिंडत कलकत्त्यास आले, आणि दुसऱ्या महायुद्धाच्या काळात तर तेथेच राहिले. गार्नी निस याने त्याचा कित्ता गिरवून ‘अलोहा बॉइज’ हा आपला संच उभा केला. मुंबईच्या चित्रपटसंगीतात व्हॅन शिपले आणि हजारा सिंग यांनी या गिटारीस स्थान मिळवून दिले, कलकत्त्याहून सुनील गांगुली यांच्या ध्वनिमुद्रिका घरोघर गेल्या, आणि रेडिओवर दोन कार्यक्रमांच्या मधली रिकामी मिनिटे चित्रपटगीतांच्या ज्या गिटारधुनींनी भरली जात, त्या ऐकतच महाराष्ट्रातील एक पिढी वाढली. या बहुतेक धुनी विजेच्या गिटारीवरच्या होत. म्हणजे सामान्य मराठी श्रोत्याला या वाद्याचा प्रथम परिचय झाला तोच मुळी वर्धित स्वरूपात. लाकडाचा अस्सल आवाज त्याने नंतर, आणि तोही क्वचितच, ऐकला. ब्रिजभूषण काबरा यांनी अली अकबर खाँसाहेबांकडे शिकून या गिटारीवर रागसंगीत मांडले, ही त्या दृष्टीने मोठी घटना होय. १९६७ साली शिवकुमार शर्मा व हरिप्रसाद चौरसिया यांच्यासह त्यांनी केलेली ‘कॉल ऑफ द व्हॅली’ ही ध्वनिमुद्रिका ज्यांच्या संग्रही आहे, त्यांनी ती एकदा केवळ गिटारीच्या नादाकडे लक्ष देऊन ऐकावी, आणि त्याच वेळी माणिकराव पोपटकरांचा तबला त्या नादाला कशी जागा करून देतो तेही पाहावे. विश्वमोहन भट्ट यांनी तरफा व चिकारीच्या तारा चढवून मोहनवीणा सिद्ध केली; राय कूडर यांच्यासमवेत तिचे जे ध्वनिमुद्रण १९९२ साली सांता बार्बारा येथील एका प्रार्थनागृहात झाले व ज्याला पुढे ग्रॅमी पुरस्कार मिळाला, ते वाद्याला कोणतीही वायर न जोडता, मायक्रोफोनांपुढे बसून झालेले आहे. सभागृहातील मैफलीत हा उपाय चालत नाही. तो का चालत नाही हे पुढे येईल.

आता मालकीविषयी. असे वाद्य विकत घेणाऱ्याने प्रथम हे जाणून घ्यावे की आपल्याला त्याचा कबजा मिळाला तरी ते वाद्य अनेक हातांतून आलेले आहे व अनेक हातांत जावयाचे आहे. निदान जुन्या कोआ-गिटारीच्या बाबतीत तरी हे अक्षरशः खरे आहे. पोटावरच्या गोल भोकातून आत दिवा व दंतवैद्य वापरतात तसला लहान आरसा घालून पाहिले असता कारागिराचा डागलेला शिक्का दिसतो, तो आहे की नाही हे लोक हौसेने पाहतात. परंतु त्याच आरशात तबलीच्या आधारपट्ट्या सुटल्या आहेत काय, जुना सरस पिवळा पडून तडकला आहे काय, आणि घोडीच्या खालची पट्टी वाकली आहे काय, हे पाहण्यास ते विसरतात. तबलीवर एक सरळ पट्टी आडवी ठेवावी. घोडीच्या मागे थोडा फुगवटा असणे स्वाभाविक, घोडीच्या पुढे खड्डा असणे चिंताजनक. पोकळ मान ज्या ठिकाणी शरीरातून निघते तेथे ती खचली असल्यास दुरुस्ती खर्चाची होते. नव्या वाद्याच्या बाबतीत या चिंता कमी. आज अनेक देशांतील कारागीर या जातीच्या गिटारी बनवितात, आणि कलकत्त्याच्या बाजारात साध्या गिटारीला उंच मेरू बसवून हवाईयन करून देण्याची सोय तर फार जुनी आहे. नवशिक्याने त्या सोयीचा लाभ घ्यावा, त्यात कमीपणा नाही.

जुळणीच्या बाबतीत मात्र मी थोडा आग्रही आहे. कोआची हलकी गिटार खालून वर षड्ज, पंचम, षड्ज, गांधार, पंचम, षड्ज या सैल जुळणीत लावावी, म्हणजे पाश्चात्त्य परिभाषेत ओपन डी. डोब्रोवाले जी उंच जी-जुळणी वापरतात तिचा ताण धातूच्या शंकूला सोसतो. शंभर वर्षांच्या पातळ तबलीला तो सोसेलच असा भरवसा कोणी देऊ नये. आणि कोकणपट्टीत राहणाऱ्यांनी पावसाळ्याचा विचार स्वतंत्रपणे करावा. हवेतील आर्द्रता पन्नास टक्क्यांच्या आसपास असावी असे लाकडाचे जाणकार सांगतात. आपल्याकडे श्रावणात ती कोठे असते हे सांगावयास यंत्र लागत नाही. वाद्य पेटीत, पेटीत सिलिका जेलच्या पुड्या, आणि पेटी भिंतीपासून दूर, एवढे पथ्य पाळले तरी पुष्कळ झाले.

ध्वनिवर्धनाच्या प्रकरणाकडे वळताना पहिली अडचण उभी राहते ती घोडीपाशीच. नेहमीच्या गिटारीत घोडीवर हाडाची पट्टी एका खाचेत बसविलेली असते, आणि त्या खाचेत, पट्टीच्या खाली, पिझो जातीच्या पदार्थाची एक बारीक फीत सरकवून देता येते. दाब पडला असता काही स्फटिकांत विद्युत् निर्माण होते हे जाक व पिएर क्यूरी या बंधूंनी १८८० साली दाखविले, आणि आज पिकअप बसवून विकल्या जाणाऱ्या बहुसंख्य लाकडी गिटारींचा वर्धित आवाज त्या शोधावरच चालतो. परंतु वाइसनबॉर्नच्या मूळ गिटारीत हाडाची पट्टी नाही; तिच्या जागी पडद्यांना वापरतात तसल्या धातूच्या तारेचा एक तुकडा लाकडात ठोकलेला आहे. फीत घालावयाची तर ती तार उपटून घोडीत रुंद खाच पाडली पाहिजे. अशा खाचा पाडलेली जुनी वाद्ये मी पाहिली आहेत, आणि ती पाहून मनात जे येते ते येथे लिहिणे प्रस्तावनेच्या मर्यादेत बसणार नाही. जे पुन्हा पूर्ववत करता येणार नाही ते जुन्या वाद्यावर करू नये, हा माझा दंडक आहे. नव्या वाद्यावर कारागिराकडून बनवितानाच खाच ठेवून घ्यावी.

जुन्या वाद्यासाठी दोन मार्ग उरतात. एक, तबलीच्या आतल्या अंगाला, घोडीच्या बरोबर खाली, चकतीसारखे लहान पिझो चिकटविणे. हे लाकडाचा कंप ऐकतात, म्हणून त्यांचा आवाज खाचेतल्या फितीहून मऊ व खरा येतो. पण लाकडाचा सर्वच कंप ऐकतात, म्हणून बाहीचे बटन घासले, मनगट टेकले, कांब तारेवर आपटली, तर तेही इमानेइतबारे सभागृहास कळविले जाते. चकती चिकटविण्यापूर्वी एक प्रयोग करावा : ती प्रथम साध्या मेणचट डिंकाने तात्पुरती लावून, वाद्य जोडून, बोटाच्या पेराने घोडीच्या आसपास टकटक करीत जावे. कोठे आवाज ढोलासारखा फुगतो, कोठे बारीक व कोरडा येतो, आणि या दोहोंच्या मध्ये एखाद्या सुपारीएवढ्या जागेत तो जसा आहे तसा येतो. ती जागा सापडेपर्यंत घाई करू नये. बोटभर सरकल्याने जो फरक पडतो तो महागड्या उपकरणाने भरून निघत नाही.

दुसरा मार्ग लोहचुंबकाचा, म्हणजे बोशांच्याच शोधाचा : गोल भोकात आडवे बसविण्याचे पिकअप. हे लाकूड ऐकत नाही, केवळ तार ऐकते. त्यामुळे फीडबॅकच्या शिट्टीची भीती फार कमी, आणि कांबेची खडखडही बरीचशी गळून जाते. परंतु कोआसाठी ज्याने पैसे मोजले त्याने कोआच गाळून टाकावयाचे, यातला विनोद दुर्लक्षिण्यासारखा नाही. शिवाय लाकडी गिटारीवर चढवितात त्या ब्राँझच्या गुंडाळीच्या तारांत चुंबकाला कळते ते आतले पोलाद तेवढे. बाहेरचे ब्राँझ त्याच्या लेखी नाहीच. सबब वरच्या दोन साध्या पोलादी तारा ओरडतात आणि खालच्या दबून राहतात. पिकअपचे स्क्रू फिरवून तो तोल सावरावा, न सावरल्यास निकेलच्या तारा चढवाव्या. मोठ्या सभागृहासाठी मी स्वतः या दोहोंचा मेळ घालतो, खर्जाचा भार चुंबकावर आणि लाकडाचा भास चकत्यांवर. पण हा मेळ घालताना दोन्ही संदेश परस्परांना छेद देत नाहीत ना, हे एकाची दिशा उलटवून पाहणे भाग असते. ज्या बाजूने आवाज भरीव येईल ती बाजू बरोबर.

पिझो कोणताही असो, त्याच्या आणि मिक्सरच्या मध्ये प्रीअँप हवाच. पिझोचा अंतर्गत रोध फार मोठा असतो. तो किमान एक मेगोहम रोधाच्या प्रवेशाला जोडला पाहिजे, आणि मिक्सरचा साधा प्रवेश पुष्कळदा दहा किलोहमच्या आसपासच असतो. सरळ जोडल्यास खर्ज नाहीसा होतो, आणि पत्र्याच्या डब्यावर तार ताणून छेडल्यासारखा आवाज कर्ण्यातून बाहेर पडतो. पिकअप वाईट निघाले म्हणून जे लोक दुकानाशी भांडतात, त्यांपैकी अनेकांचे भांडण वस्तुतः या एका आकड्याशी असते. प्रीअँपमधून पुढे डीआय बॉक्स, म्हणजे लांब केबलमधून संदेश निर्मळ जावा म्हणून त्यास संतुलित करणारी पेटी. हल्ली ही दोन्ही कामे एकाच पेटीत होतात, व ती नऊ व्होल्टच्या बॅटरीवर किंवा मिक्सरकडून येणाऱ्या अठ्ठेचाळीस व्होल्टवर चालते. बॅटरी कार्यक्रमाच्या दिवशी नवी घालावी. या सूचनेस शास्त्रीय आधार देण्याची आवश्यकता नाही.

आता ज्या विषयावर या पुस्तिकेतील सर्वांत दीर्घ प्रकरण खर्ची पडले आहे तो विषय : फीडबॅकचा घुमारा. उभ्या धरलेल्या गिटारीचे तोंड श्रोत्यांकडे असते. मांडीवरच्या गिटारीचे तोंड छताकडे असते. ती आपला आवाज वादकाच्या चेहऱ्याकडे व वर पाठविते, श्रोत्यांना केवळ परावर्तित भाग मिळतो. वर मायक्रोफोन टांगला, तर तो गिटारीबरोबर शेजारचा तबलाही तितक्याच आवडीने ऐकतो. शांत प्रार्थनागृहात जमलेले काम मंडपात जमत नाही ते यामुळे. आणि आपल्या बैठकीच्या पद्धतीत वादक चौरंगावर मांडी घालून बसतो, मॉनिटर, म्हणजे वादकाला स्वतःचे वादन ऐकू यावे म्हणून ठेवलेला कर्णा, त्याच्यासमोर वीतभर उंचीवर तिरका ठेवलेला असतो, म्हणजे तो थेट गिटारीच्या पातळ तबलीवर बोलतो. तबली हालते, ती हालचाल पिकअप ऐकते, मॉनिटर ती पुन्हा तबलीवर फेकतो, आणि क्षणार्धात सगळे सभागृह गुरगुरू लागते. साउंडवाल्याचा हात अशा वेळी सवयीने वरच्या पट्टीकडे जातो, कारण गायकाचा माईक शिट्टी देतो ती तारसप्तकात; परंतु या गिटारीचा घुमारा खर्जातला असतो, बहुधा शंभर हर्ट्झच्या आसपास, जेथे पोटातील हवा स्वतःच्या स्वरात डोलते. ओपन डी जुळणीत पाचवी तार एकशेदहा हर्ट्झची असल्याने ती या स्वराच्या दाराशीच उभी असते. वरचा भाग कापल्याने घुमारा थांबत नाही, गिटारीचे तेज मात्र जाते.

यावर उपाय शोधण्याचे साधन वादकाच्या हातातच आहे. कार्यक्रमापूर्वी आवाज नेहमीहून किंचित चढवून, सर्वांत जाड तारेवरून कांब अगदी सावकाश वर न्यावी. कोठेतरी एका स्वरावर लाकूड मांडीला जाणवेल इतके थरारते. तो स्वर ओळखावा, त्याची कंपनसंख्या काढावी, आणि प्रीअँपवरील अरुंद छाटणीचे बटन नेमके तेथे आणून तेवढाच चिंचोळा पट्टा खाली करावा. तरी भागले नाही तर दिशा उलटविण्याचा खटका दाबून पाहावा. मॉनिटरचे अंतर जसे असेल तसा तो कधी रामबाण ठरतो, कधी निरुपयोगी. भोकावर रबरी झाकण बसविणे हा तिसरा उपाय. तो परिणामकारक आहे, पण त्याने पोटातील हवेचा श्वासच कोंडतो, म्हणून तो मी शेवटी सांगतो. आणि या सर्वांपूर्वी मॉनिटर समोरून उचलून बाजूला, डाव्या कानाच्या रोखाने ठेवण्याची विनंती करावी. ही विनंती साउंडवाले हसून मान्य करतात असा माझा अनुभव आहे; निदान त्यांना आधी चहा विचारला असेल तर.

पुस्तिकेतील यंत्रसामग्रीचे प्रकरण लवकर जुने होईल, हे जाणून तेथे उपकरणांच्या नावांपेक्षा त्यांच्या कार्यपद्धतीवर भर दिला आहे. दुरुस्तीच्या प्रकरणात सरस, आधारपट्ट्या व घोडी यांविषयी जे सांगितले आहे ते वाचून कोणी स्वतः पटाशी हाती घेऊ नये; कारागिराशी बोलताना त्याची भाषा कळावी, एवढाच त्या प्रकरणाचा उद्देश आहे. ज्यांच्याजवळ वाद्य आधीपासून आहे आणि कार्यक्रमाची तारीख जवळ आली आहे, त्यांनी प्रारंभीची ऐतिहासिक पाने तूर्त बाजूला ठेवून घुमाऱ्याचे प्रकरण आधी काढावे, आणि त्यातील कांबेचा प्रयोग सभागृहात करण्यापूर्वी एकदा घरी, शेजारी जागे असतील अशा वेळी, करून पाहावा.